पिंजऱ्याचे दार आणि कुत्र्याचे मन

पाळीव प्राण्यांच्या साहित्याच्या कोणत्याही मोठ्या दुकानात आता गळपट्टे, साखळ्या आणि खाद्याच्या पिशव्यांच्या जोडीला तारेचे घडीचे पिंजरे हमखास दिसतात. 'क्रेट' या नावाने विकल्या जाणाऱ्या या पिंजऱ्यात पिल्लाला ठेवले की ते घरात घाण करणार नाही, चपला आणि सोफे कुरतडणार नाही, शिवाय लवकर शहाणे होईल, असे विक्रेता सांगतो. ओळखीतले अनुभवी श्वानपालकही अनेकदा याच सल्ल्याला दुजोरा देतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र ही कल्पना रुचत नाही. वाड्याच्या उंबरठ्यावर पहुडलेला आणि अंगणात ऊन खाणारा कुत्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जाळीआडचे पिल्लू पाहून कसेसेच होते. एका बाजूला शिस्त आणि दुसऱ्या बाजूला दया, असा हा वाद घरोघरी रंगतो आणि बहुधा दोन्ही पक्ष केवळ भावनेच्या आधारे बोलत असतात.

वास्तविक, बंदिस्तपणाचा कुत्र्याच्या मनावर आणि शिकण्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास गेल्या सत्तर वर्षांत अनेक देशांत झाला आहे. त्याचे सार असे, की प्रश्न पिंजऱ्याचा कमी आणि त्याच्या दाराचा अधिक आहे. दार उघडे असताना जी जागा कुत्र्याला निवारा वाटते, तीच जागा दार लागून तासांमागून तास जाऊ लागले की कोंडवाडा ठरते. हा फरक नेमका कोठे पडतो, हे समजून घेणे घरात पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकासाठी आवश्यक आहे.

क्रेटचा घरातील प्रवेश

पिंजरा हे मुळात वाहतुकीचे साधन. विमानाने, रेल्वेने किंवा मोटारीने कुत्रा न्यायचा, श्वानप्रदर्शनात त्याची पाळी येईपर्यंत त्याला सुरक्षित ठेवायचे, शस्त्रक्रियेनंतर त्याची हालचाल रोखायची, यासाठी पिंजरे वापरले जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हे साधन दिवाणखान्यात आले आणि पिल्लाला शी-शूची सवय लावण्याचा तो एक मान्य मार्ग झाला. 'अमेरिकन केनेल क्लब'सारखी संस्था आजही क्रेटच्या सवयीचा पुरस्कार करते, तर 'पेटा' ही प्राणीहक्क संघटना तिला ठाम विरोध करते. म्हणजे ज्या देशातून ही पद्धत आपल्याकडे आली, तेथेही तिच्याविषयी एकमत नाही.

युरोपातील चित्र तर आणखी वेगळे आहे. स्वीडन आणि फिनलंड या देशांत कुत्र्याला घरात पिंजऱ्यात बंद करून ठेवणे नियमबाह्य आहे. प्रवासासारख्या मोजक्या तात्पुरत्या कारणांचाच त्याला अपवाद आहे. घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावे, असेही स्वीडनचे नियम सांगतात. तेथील कुत्रीही घरातच राहतात, त्यांचे पालकही नोकरी करतात, आणि तरीही तेथील पिल्ले शी-शूची शिस्त शिकतात. 'क्रेटशिवाय पिल्लू शिकतच नाही' या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

'गुहे'चा युक्तिवाद

क्रेटच्या समर्थनार्थ सर्वांत जास्त सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे 'कुत्रा हा मूळचा गुहेत राहणारा प्राणी आहे, त्यामुळे पिंजऱ्यात त्याला सुरक्षित वाटते.' यात अर्धेच सत्य आहे. कुत्र्याचा पूर्वज असलेल्या लांडग्याची मादी पिल्ले घालण्यासाठी बीळ किंवा कपार निवडते, हे खरे. परंतु पिल्ले दोन-अडीच महिन्यांची झाली की कळप ती जागा सोडतो. त्यानंतर लांडगे उघड्यावर झोपतात, विसावतात. बीळ ही त्यांची बाळंतिणीची खोली असते, राहते घर नव्हे.

आपल्याकडील भटक्या कुत्र्यांविषयीचा अभ्यासही येथे उद्बोधक आहे. कोलकात्याच्या 'आयसर' या संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की भटकी कुत्री पिल्ले घालण्यासाठी माणसांच्या वस्तीजवळच्या जागा पसंत करते. एकांतातील सुरक्षित कोपऱ्यापेक्षा माणसाचे सान्निध्य तिला अधिक हवे असते. सर्वांत मोठा फरक म्हणजे बिळाला दार नसते. आत जायचे की बाहेर यायचे, हे तो प्राणी स्वतः ठरवतो. दार असलेल्या आणि बाहेरून कडी लागणाऱ्या जागेला गुहा म्हणणे ही शब्दांची सोय आहे.

अर्थात, अनेक कुत्र्यांना पाठ टेकवता येईल अशी आडोशाची जागा आवडते, हे कोणीही पाहू शकतो. पलंगाखाली, टेबलाखाली, जिन्याच्या कोपऱ्यात ती आपणहून जाऊन बसतात. म्हणूनच दार उघडे असलेला, आत मऊ अंथरूण घातलेला क्रेट त्यांना प्रिय होऊ शकतो. मात्र ती आवड जागेची असते, कोंडले जाण्याची नव्हे.

प्रयोग काय सांगतात?

बंदिस्तपणाच्या परिणामांचे सर्वांत टोकाचे प्रयोग १९५० च्या दशकात कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झाले. डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून प्रेरणा घेऊन तेथील संशोधकांनी स्कॉटिश टेरियर जातीची पिल्ले बाहेरचे काहीही न दिसणाऱ्या पिंजऱ्यांत मोठी केली. ही कुत्री बाहेर काढल्यावर साधी कोडी सोडवण्यात घरात वाढलेल्या कुत्र्यांच्या फार मागे पडली. रोनाल्ड मेल्झॅक आणि टी. एच. स्कॉट यांनी १९५७ मध्ये नोंदवले, की जळत्या काडीचा चटका बसूनही ती पुन्हा पुन्हा तेथेच नाक नेत. वेदना कशाने होते आणि ती कशी टाळायची, हेसुद्धा अनुभवानेच शिकावे लागते आणि अनुभवच नसेल तर ते शिकता येत नाही. असे प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. घरातील चार तासांच्या क्रेटशी त्यांची सरळ तुलनाही करता येणार नाही. परंतु दिशा स्पष्ट होते : बंदिस्तपणा वाढला की शिकण्याची क्षमता घटते.

याच सुमारास अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर हे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास करीत होते. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिक जडणघडणीचा सर्वांत नाजूक काळ असतो, हे त्यांनी दाखवून दिले. याच काळात पिल्लू माणसे, इतर कुत्री, आवाज, रस्ता, मुले यांची ओळख करून घेते. बहुतेक पिल्ले घरी येतात ती याच कालखंडाच्या अखेरीस. नेमके ते अनमोल आठवडे पिंजऱ्यात गेले, तर पुढे अनोळखी माणसाला भिणारा, लिफ्टमध्ये थरथरणारा कुत्रा तयार होण्याची शक्यता वाढते.

प्रौढ कुत्र्यांवरील अभ्यास अधिक मोजका आणि आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. नेदरलँड्समध्ये बोंने बेर्डा आणि सहकाऱ्यांनी प्रशस्त जागेत एकत्र राहणारे बीगल कुत्रे सहा आठवडे लहान खोल्यांत एकेकटे ठेवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अंग चोरून राहणे, पंजा उचलून धरणे, स्वतःला सतत चाटणे, विष्ठा खाणे, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, अशी ताणाची लक्षणे दिसून आली. त्याआधी १९९२ मध्ये अमेरिकेत सुझान हेट्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत आणखी एक बाब पुढे आली होती. जागेच्या तुटवड्यापेक्षाही एकटेपणाचा परिणाम अधिक घातक होता. इतर कुत्र्यांपासून तोडलेले बीगल सर्वाधिक अस्वस्थ होते आणि विचित्र हालचालीही तेच सर्वाधिक करीत होते.

याचे कारण कुत्र्याच्या स्वभावात आहे. हंगेरीतील योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लहान मुलांसाठी वापरली जाणारी जिव्हाळ्याची चाचणी कुत्र्यांवर घेतली. मूल आईला जसे बिलगते, तिच्या उपस्थितीत धीट होते आणि तिच्या अनुपस्थितीत कावरेबावरे होते, तशीच लक्षणे कुत्र्यांत पालकाच्या बाबतीत आढळली. अशा प्राण्याला एकटे आणि तेही बंद करून ठेवणे म्हणजे त्याच्यावर दुहेरी भार टाकणे होय.

शांतता म्हणजे समाधान नव्हे

'पहिले दोन-तीन दिवस रडला, मग शांत झाला. आता काहीच त्रास नाही,' असे अनेक पालक समाधानाने सांगतात. ही शांतता कधी खरी असते, तर कधी फसवी. पिल्लाला सावकाश सवय लावली असेल, आत गेल्यावर ते पाय पसरून झोपत असेल, दिलेला खाऊ मजेत खात असेल, तर ते खरोखर निवांत आहे. पण रडून-ओरडून दार उघडले नाही म्हणून ते गप्प बसले असेल, तर त्याचा अर्थ वेगळा लावावा लागतो.

१९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत. आपण काहीही केले तरी विजेचा धक्का टळत नाही, हे अनुभवलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांनी पुढे सुटकेची वाट उपलब्ध असूनही प्रयत्न सोडून दिला आणि ती निपचित पडून राहिली. या अवस्थेला 'शिकलेली असहायता' असे नाव मिळाले. विशेष म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये याच दोन संशोधकांनी आपला निष्कर्ष सुधारला. मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानाच्या आधारे त्यांनी सांगितले, की असहाय होणे ही दीर्घकाळच्या त्रासाची मूळ प्रतिक्रियाच असते. प्राणी शिकतो ती गोष्ट म्हणजे 'परिस्थिती माझ्या हातात आहे' हा विश्वास. पिंजऱ्याच्या दाराला जे महत्त्व आहे, ते नेमके या कारणाने. आपण सांगितलेले कोणाला तरी कळते आणि दार उघडते, हा अनुभव पिल्लाला धीट करतो. कितीही हाक मारली तरी कोणी येत नाही, हा अनुभव त्याला केवळ गप्प करतो.

मनातील ही घालमेल मोजण्याचे मार्गही आता उपलब्ध आहेत. ब्रिस्टल विद्यापीठातील मायकल मेंडल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक साधी चाचणी वापरली. एका जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असतो आणि दुसऱ्या जागचे भांडे नेहमी रिकामे असते, हे कुत्र्याला शिकवायचे. मग भांडे मधोमध ठेवायचे आणि कुत्रा तिकडे किती उत्साहाने जातो, ते पाहायचे. एकटे राहताच अस्वस्थ होणारी कुत्री या मधल्या भांड्याकडे संथपणे गेली, जणू ते रिकामेच असणार असे त्यांनी गृहीत धरले होते. वरवर खोड्या वाटणाऱ्या भुंकण्यामागे, कुरतडण्यामागे खिन्न मन असू शकते, असा याचा अर्थ.

पालकापासून दूर राहण्याची ही तीव्र भीती 'सेपरेशन अँग्झायटी' या नावाने ओळखली जाते. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करणे हा उपाय नाही, उलट अपाय आहे. घाबरलेला कुत्रा जाळी चावून दात मोडून घेतो, नखे रक्तबंबाळ करतो, हे पशुवैद्यांच्या नेहमीच्या अनुभवातले आहे. सोफा वाचतो, कुत्रा मात्र जखमी होतो. अशा वेळी मोठा किंवा मजबूत पिंजरा न शोधता पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांची मदत घ्यावी. योग्य सराव आणि गरजेनुसार औषधे यांनी ही भीती पुष्कळ कमी करता येते.

प्रशिक्षणाला किती मदत?

क्रेटमुळे शी-शूची सवय लागते, यामागे एक तत्त्व आहे. पिल्लू शक्यतो आपल्या झोपण्याच्या जागी घाण करीत नाही. थोडा वेळ क्रेटमध्ये, तेथून थेट बाहेर, बाहेर विधी आटोपला की लगेच शाबासकी आणि खाऊ, या क्रमाने ते लवकर शिकते. मात्र हे तत्त्व दुधारी आहे. लहान पिल्लाला लघवी फार वेळ रोखून धरता येत नाही. वय जितके महिने त्यात एक मिळवून येईल तितके तास, हा त्याच्या क्षमतेचा कमाल मर्यादेचा ढोबळ हिशेब पशुवैद्य सांगतात. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. त्याहून अधिक वेळ कोंडले की ते नाइलाजाने अंथरुणातच घाण करते आणि त्यातच बसते. असे वारंवार झाले की घाणीचा उपजत तिटकारा नाहीसा होतो. ज्या पिल्लांचे पहिले महिने पैदासकेंद्राच्या किंवा दुकानाच्या पिंजऱ्यात गेले आहेत, त्यांना घरातील स्वच्छता शिकवणे अवघड जाते, ते याचमुळे. ज्या साधनाने सवय लावायची, तेच साधन ती सवय मोडूनही टाकू शकते.

कुरतडण्याच्या बाबतीतही हेच. क्रेटमध्ये असताना पिल्लू सोफा चावत नाही, कारण सोफा तेथे नसतो. सोफा चावायचा नाही आणि हे खेळणे चावायचे, हा धडा त्याला सोफ्यासमोरच, कोणीतरी जवळ असतानाच मिळू शकतो. क्रेट चूक टाळतो, पण योग्य वर्तन शिकवत नाही. शिकवण्याचे काम पिल्लू बाहेर असतानाच्या तासांतच होते आणि ते तास जितके कमी, तितके शिक्षण कमी.

क्रेट शिक्षा म्हणून वापरणे तर सर्वथा चुकीचे. ब्रिस्टल विद्यापीठातील एली हिबी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या पाहणीत, बक्षिसाच्या पद्धतीने शिकवलेली कुत्री अधिक आज्ञाधारक असल्याचे आणि शिक्षेचा वापर अधिक तेथे वर्तनाच्या तक्रारीही अधिक असल्याचे दिसले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धाक-शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली. त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे संप्रेरकही प्रशिक्षणानंतर अधिक वाढलेले होते. चप्पल फाडली म्हणून ओरडत पिल्लाला पिंजऱ्यात ढकलले, तर त्याला चपलेचा धडा मिळत नाही. पिंजरा आणि रागावलेला मालक, यांची मात्र मनात कायमची सांगड बसते.

तासांचा हिशेब

महानगरातील नोकरदार कुटुंबाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. डोंबिवलीहून सकाळी नऊला निघून दक्षिण मुंबईतील कार्यालयात जाणारी व्यक्ती रात्री आठला घरी परतते. हे अकरा तास झाले. 'रात्रीही क्रेटमध्येच झोपवा' हा सल्ला मानला, तर त्यात आणखी आठ तासांची भर पडते. चोवीसपैकी एकोणीस तास! उरलेल्या पाच तासांत फिरणे, खाणे, खेळणे, शिकणे आणि घरच्यांचा सहवास, हे सारे बसवायचे. असा एखादा दिवस अडचणीचा म्हणून खपून जाईल. तोच वर्षानुवर्षांचा नेम झाला, तर ते प्राणी पाळणे नव्हे, साठवून ठेवणे झाले.

जागेचाही हिशेब करून पाहावा. लॅब्राडोरसाठी सामान्यतः विकला जाणारा पिंजरा ४२ इंच लांब आणि सुमारे २८ इंच रुंद असतो. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ जेमतेम पाऊण चौरस मीटर. जर्मनीच्या श्वानसंरक्षण नियमांनुसार कुत्र्याला बाहेरच्या कोठडीत ठेवायचे असेल, तर त्याच उंचीच्या कुत्र्यासाठी किमान ८ चौरस मीटर जागा लागते. शिवाय त्याला रोज कोठडीबाहेर मोकळे फिरवणे आणि माणसांचा सहवास देणे बंधनकारक आहे. तेथे किमान ठरलेल्या जागेचा दहावा हिस्साही क्रेटमध्ये नसतो.

कुत्र्याला एकटे किती वेळ ठेवावे, याविषयी स्वीडनमधील तेरेस रेन आणि लिंडा कीलिंग यांचा २०११ मधील अभ्यास मार्गदर्शक आहे. घरात मोकळ्या असलेल्या कुत्र्यांना त्यांनी अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटे ठेवून पाहिले. दोन आणि चार तासांनी परतलेल्या पालकाचे स्वागत कुत्र्यांनी अर्ध्या तासाच्या तुलनेत कितीतरी अधिक उत्कटतेने केले. वेळेची जाणीव त्यांना आहे, इतके तरी यावरून निश्चित म्हणता येते.

कायद्याची बाजू

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे प्रयत्न होते. या कायद्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्यांच्या बंदिस्तपणाचा थेट विचार आहे. प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी, रुंदी वा उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून किंवा बंदिस्त ठेवल्या जाणाऱ्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हाही. थोडक्यात, पिंजरा वापरणाऱ्याने कुत्र्याला फिरवलेच पाहिजे, असे कायदाच सांगतो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच असल्याने या तरतुदीचा धाक वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लीकट्टूविषयक निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. भूक-तहान, गैरसोय, वेदना आणि भीती यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक, अशी ही पाच स्वातंत्र्ये. हे तत्त्व घरातल्या कुत्र्यालाही लागू पडते.

पुष्कळदा पिंजऱ्याचे मूळ शेजाऱ्यांच्या तक्रारीत असते. कुत्रा भुंकला की सोसायटीची नोटीस येईल, या भीतीने त्याला आतल्या खोलीत कोंडले जाते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि भुंकणे हे अशा बंदीचे सबळ कारण ठरत नाही. अर्थात, शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी घेणे हे पालकाचे कर्तव्य आहेच. ते कोंडून साधत नाही, पुरेसा व्यायाम आणि सहवास देऊन साधते.

वापरायचाच असेल तर

क्रेट सर्वस्वी त्याज्य आहे, असे नाही. हाड मोडल्यावरची किंवा शस्त्रक्रियेनंतरची सक्तीची विश्रांती, मोटारीचा वा रेल्वेचा प्रवास, घरात रंगकाम किंवा विजेची दुरुस्ती चालू असतानाचा थोडा वेळ, अशा प्रसंगी क्रेटची आधीपासून सवय असलेला कुत्रा कमी घाबरतो. रेल्वेने मालडब्यातील श्वानपेटीतून प्रवास करण्याची वेळ आली, तर या सवयीचा उपयोग होतो. म्हणूनच सवय लावावी, पण सावकाश.

पिंजरा इतका मोठा हवा, की कुत्र्याला मान न वाकवता उभे राहता यावे, सहज वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे. तो घरातल्या वावराच्या खोलीत ठेवावा. गॅलरीत किंवा उन्हाच्या झोतात ठेवू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, त्यातही वीज गेल्यावर, बंद जागेतील क्रेट प्राणघातक ठरू शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका विशेष आहे.

पहिले काही दिवस दार काढून ठेवावे किंवा बांधून उघडे ठेवावे. आत खाऊ टाकावा, जेवणाचे भांडे आत सरकवावे, पण पिल्लाला ढकलू नये. ते आपणहून आत जाऊन बसू लागले की काही सेकंद दार लावावे आणि ते अस्वस्थ होण्याआधीच उघडावे. सेकंदांचे मिनिट, मिनिटाची दहा मिनिटे, असा काळ वाढवत न्यावा. आत ठेवताना गळपट्टा काढावा, कारण तो जाळीत अडकून फास बसू शकतो. पाणी असावे. दिवसा प्रौढ कुत्र्यालाही सलग तीन-चार तासांपेक्षा अधिक बंद ठेवू नये. आत जाण्याआधी त्याचे फिरणे झालेले असावे.

पालक बाहेर गेल्यावर काय घडते, हे पाहण्यासाठी मोबाइलवर चित्रीकरण करणे उत्तम. श्रम किंवा उकाडा नसतानाही धापा टाकणे, लाळ गळणे, ओठ पुन्हा पुन्हा चाटणे, दार ओरबाडणे, आवडता खाऊ तसाच पडून राहणे, ही भीतीची चिन्हे आहेत. ती दिसल्यास 'होईल सवय' असे म्हणून पुढे जाऊ नये. दोन पावले मागे येऊन पुन्हा उघड्या दारापासून सुरुवात करावी. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा क्रेटमध्ये शिरला, तर त्याला तेथे बसू द्यावे, पण दार लावू नये. भेदरलेल्या जिवाला आसरा हवा असतो, कडी नव्हे.

बंद दाराला पर्याय

पुष्कळ घरांत पिंजऱ्याची गरजच पडत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसे बुटके फाटक लावून एक सुरक्षित खोली करता येते. पिल्लासाठी जाळीचे मोकळे कुंपण मिळते, त्यात झोपण्याची, खेळण्याची आणि शी-शूची जागा वेगळी ठेवता येते. विजेच्या तारा, औषधे, चपला, चॉकलेट उचलून ठेवले की निम्मे अपघात टळतात. दुपारी कोणीतरी येऊन कुत्र्याला खाली नेऊन आणावे, यासाठी शेजारचे निवृत्त गृहस्थ, कॉलेजात जाणारा मुलगा किंवा पगारी मदतनीस यांची व्यवस्था करावी. सकाळी घाईने दहा मिनिटे ओढत नेण्यापेक्षा अर्धा तास वास घेत, रमतगमत फिरू दिलेला कुत्रा घरी येऊन समाधानाने झोपतो. आणि एवढी व्यवस्था खरोखरच शक्य नसेल, तर तूर्त पिल्लू न आणण्याचा निर्णय हाही प्राणिप्रेमाचाच भाग आहे.

क्रेट चांगला की वाईट, या वादात म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. घरी परतल्यावर पालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आज हे दार किती तास बंद होते, आणि ते कोणाच्या सोयीसाठी? दार दिवसभर उघडे राहूनही कुत्रा आपल्या पायांनी आत जाऊन झोपत असेल, तर ते त्याचे अंथरूण आहे. दार उघडताच तो झेप घेऊन बाहेर येत असेल आणि पुन्हा आत जाताना पाय ओढत असेल, तर त्याने आपले उत्तर दिलेले आहे. ते वाचणे एवढेच पालकाच्या हाती उरते.